थांबकाका आणि शिवलेलं पान

थांबकाका झुडपासमोर बसले की त्यांच्यातला माणूस हळूहळू कमी होत जाई. पहिली पाच मिनिटं ते म्हातारे गृहस्थ असत, दहाव्या मिनिटाला दगड होत, आणि अर्ध्या तासाने तर चतुर येऊन त्यांच्या टोपीवर बसत, उडत, परत येऊन बसत. एकदा खाडीकाठी फिरायला येणाऱ्या एका बाईंनी मला घाबरून हाक मारली, "अहो, तिकडे एक आजोबा बसल्या जागी गेलेत बहुतेक!" मी धावत गेलो. आजोबांनी मान न वळवता, ओठही फारसे न हलवता सांगितलं, "मेलो नाय. थांब. ती तोंड धुतेय." ती म्हणजे तुरीच्या डाळीएवढी एक कोळ्याची मादी. आणि खरंच, पुढचे दोन पाय तोंडाजवळ नेऊन ती मन लावून तोंड पुसत होती.

'थांब' हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. फोन उचलला की "थांब", चहा विचारला की "थांब", आणि तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावला की हमखास "थांब". आम्ही चार-पाच हौशी लोक रविवारी सकाळी किड्या-कोळ्यांचे फोटो काढत हिंडायचो, त्यातल्या कुणीतरी त्यांचं नाव थांबकाका ठेवलं. ते त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "बरा हाय. घरात काकू मना याच्यापेक्षा वाईट नावानं हाक मारते."

काका मूळचे नेरूळच्या सारसोळे गावचे. नेरूळमध्ये सेक्टर आणि सोसायट्या उगवायच्या आणि आमच्यासारखे लोक त्यात येऊन 'आमचं नेरूळ' म्हणायला लागायच्या कितीतरी आधीपासून त्यांचं घर तिथे होतं. घरची होडी होती, काकू मासळी बाजारात बसत. काका मात्र तळोज्याला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. पाइपांवर दाब मोजणारे काट्याचे गोल डायल असतात ना, ते उघडायचे, साफ करायचे, काटा बरोबर शून्यावर आणायचा आणि पुन्हा बंद करायचे. हे काम त्यांनी जन्मभर केलं. रिटायर झाल्यावर मुलीने आपला जुना कॅमेरा दिला, नातवाचे फोटो काढा म्हणून. काकांनी दोन फोटो काढले आणि कोळ्यांकडे वळले. का, असं विचारलं तर म्हणत, "नातू थांबत नाय."

लेन्स उलटी लावली की बारीक गोष्ट मोठी दिसते, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यासाठी लागणारी रिंग त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपात लेथवर स्वतः बनवली. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून पुढे आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण. बसायला गोणपाटाचा तुकडा. बस. माझ्याकडे त्या वेळी दोन लेन्सा, तीन फ्लॅश, गुडघ्याला बांधायच्या गाद्या आणि अठरा खिशांचं जाकीट होतं. त्या जाकिटात मी एखाद्या हरवलेल्या युद्ध वार्ताहरासारखा दिसतो, असं माझ्या बायकोचं मत होतं.

त्याच जाकिटात आमची पहिली भेट झाली. रुईच्या झाडाखाली मला एक कोळी सापडला. इतका समजूतदार कोळी मी कधी पाहिला नव्हता. हलत नव्हता, पळत नव्हता, फ्लॅशला बिचकत नव्हता. मी डावीकडून काढले, उजवीकडून काढले, पोटावर झोपून काढले. पाऊण तास झाला. मागून आवाज आला, "सायेब."

"श्शू," मी म्हणालो, "हलेल."

"नाय हलनार. ती बाई कवाच गेली. त्यो तिचा परकर हाय."

कोळी वाढताना कात टाकतो आणि ती कात हुबेहूब कोळ्यासारखीच दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. एका रिकाम्या कातीचे मी दोनशे सात फोटो काढले होते. काकांनी ही हकिगत आमच्या ग्रुपमध्ये कधीच सांगितली नाही. ती मीच सांगितली, कारण असल्या गोष्टी पोटात ठेवल्या की मला अपचन होतं.

त्यांनी मला शिष्य वगैरे मानलं नाही. पण रविवारी मी शेजारी बसलो तर ते उठून जात नसत, आणि त्यांच्या बाबतीत हे पुष्कळ होतं. नियम थोडे होते. कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं. कशालाही हात लावायचा नाही. पान वळवायचं नाही, काडी मोडायची नाही, पाण्याचा फवारा मारून खोटं दव पाडायचं नाही. "आपन पाहुने," ते म्हणत. "पाहुना आल्याआल्या घरातला फर्निचर हलवतो का?"

हा नियम मी लगेच मोडला. कोळी थंडीत सुस्त होतो आणि मग छान पोज देतो, असा एक व्हिडिओ मी पाहिला होता. एक उडी मारणारा कोळी पकडून मी स्टीलच्या डबीत घातला आणि डबी फ्रिजमध्ये ठेवली. दहा मिनिटांनी काढायची होती. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. डबी काढली ती सासूबाईंनी, लसणाची चटणी समजून. पुढचं सांगत नाही. कोळी वाचला, सासूबाईही वाचल्या, माझंच काही खरं नव्हतं. हे मी काकांना मोठ्या रंगात सांगितलं, हसतील म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुला कोनी डब्यात घालून फ्रिजमंदी ठेवला आन् मंग बोलला, स्माईल, तर?" तेव्हापासून आमच्या फ्रिजात फक्त चटणी असते.

शास्त्रीय नावांच्या भानगडीत ते पडत नसत. त्यांची स्वतःची नावं होती. जाळ्याच्या मधोमध ठाण मांडून, आजूबाजूला कचरा जमवून बसणारा तो 'सोसायटीचा सेक्रेटरी'. फुलात लपून येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळा ठेवणारी ती 'आमची वैनी'. लांब पायांचा, सगळ्या जाळ्यांच्या कडेकडेने फिरून दुसऱ्याचं खाणारा तो 'जावई'. आणि चार मोठे डोळे पुढे रोखून सरळ माणसाच्या तोंडाकडे बघणाऱ्या, उड्या मारणाऱ्या इवल्या मादीला ते कुठलंच नाव देत नसत. तिला नुसतं 'ती' म्हणत. त्यांचा जीव तिच्यावर होता.

या कामात फोकस केसाच्या जाडीइतका असतो. डोळा धरला तर पाय धूसर, पाय धरला तर डोळा गेला. श्वास घेतला तरी कॅमेरा पुढेमागे होतो आणि कोळ्याऐवजी मागचं पान लख्ख येतं. काका श्वास सोडत सोडत शेवटी यायचे, तिथे एक क्षण सगळं थांबायचं, आणि त्या क्षणात बटण दाबायचे. हातात कॅमेरा नाही, भिंत आहे असं वाटायचं. तीन पायांचा स्टँड त्यांनी कधी वापरला नाही. "दोन पाय देवानं दिलेत, आन् कोपरं दोन," एवढंच म्हणायचे.

असे फोटो त्यांच्याकडे मिठाईच्या खोक्यांत भरून होते. लहान आकाराचे प्रिंट. फेसबुकवर नाहीत, स्पर्धेला नाहीत. काकूंना ते दाखवायला गेले की काकू म्हणत, "पयले ते माझ्या मोरीतले जाले काढा." त्या खोक्यांत सगळं होतं. शिकार होती, जोड्या होत्या, कात टाकणं होतं. एकच फोटो नव्हता.

ती उड्या मारणारी मादी पावसाळा सरता सरता एक पान निवडते. पानाच्या कडा रेशमाने ओढून घेते, शिवते, आत अंडी घालते आणि स्वतःही आतच राहते. खात नाही, बाहेर येत नाही. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी शिवण उसवते आणि पिल्लं बाहेर येतात. काकांना तो क्षण हवा होता. "बाहेर येताना ती आईच्या बाजूनं जातात का अंगावरून, येवढंच मना बगाचं हाय," ते म्हणायचे. पहिल्या वर्षी गवत कापणाऱ्यांनी झुडूपच छाटलं. दुसऱ्या वर्षी वादळी पाऊस आला. तिसऱ्या वर्षी ते पोचले तेव्हा पान उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. अर्ध्या तासाने चुकलं. त्याचं मला वाटलं तेवढं वाईट त्यांना वाटलेलं दिसलं नाही. "पुढच्या वर्षी," असं ते सहज म्हणाले.

चौथ्या वर्षी असं सहज म्हणता येणार नव्हतं.

ते मला आधी बशीत दिसलं. टपरीवर ते चहा बशीत ओतून पीत. त्या दिवशी बशी कपावर वाजत राहिली. त्यांनी बशी ठेवली, हात खिशात घातला, आणि त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात बहुतेक वेळ खिशात राहू लागला. मला विचारायचं धाडस नव्हतं. महिन्याभराने त्यांनीच सांगितलं. समोर खाडीकडे बघत, जणू कुठल्या तरी बिघडलेल्या डायलविषयी बोलावं तसं म्हणाले, "काटा झीरोवर थांबत नाय आता." मग जरा वेळाने, "डाक्टर बोलला, वाढनार. औषधानं हलू वाढंल, येवढंच." आणि अगदी शेवटी, "औंदाचं पान मिळायला पायजे. पुढच्या वर्षाला कॅमेरा धरवनार नाय मना."

सप्टेंबरच्या शेवटी त्यांना पान मिळालं. खाडीच्या बंधाऱ्याखाली करंजाचं कमरेएवढं झुडूप होतं, त्यात. रविवारी ते मला तिथे घेऊन गेले. दहा फुटांवर उभं करून बोट दाखवलं. बोट थरथरत होतं.

"ते बग. खालून तिसरी फांदी, अर्धं सुकलेलं. कडेला पांढरी शिवन. दिसली?"

मला करंजाचं झुडूप दिसलं, पुष्कळ फांद्या दिसल्या, पुष्कळ अर्धी सुकलेली पानं दिसली. शिवण काही दिसली नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही दिसली, जवळून दाखवा. पण मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर हिंडत होतो. परकराच्या गोष्टीनंतर माझी थोडी इज्जत जमली होती. मी म्हणालो, "दिसली."

"नक्की?"

"हो काका. मस्त शिवलंय."

मस्त शिवलंय! हे वाक्य मला अजून आठवतं आणि जीभ चावावीशी वाटते.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या नायतर परवा सुटतील. पान आतून काळपट दिसतंय. सातला ये. फ्लॅश तू धर, माझ्या हातानं दोन-दोन गोष्टी व्हनार नायत." त्यांनी मला कधी काही काम सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी सहालाच पोचलो. बरोबर मऊ ब्रश घेतला, छोटी कात्री घेतली. आमच्या धंद्यात याला गार्डनिंग म्हणतात. फोटोच्या चौकटीत येणारी वाळकी पानं, काटक्या, जुनी जाळी आधीच हळूच काढून टाकायची, म्हणजे मागे सगळं स्वच्छ हिरवं येतं. काका हे कधी करत नसत. पण आज एवढा मोठा दिवस, शेवटचा दिवस, त्यांच्या फोटोत मागे कचरा कशाला? मी ठरवलं, हिरव्या पानांना हात लावायचा नाही. ती कुठेतरी हिरव्या पानात असणार, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. 'अर्धं सुकलेलं' हे त्यांचे शब्द मी ऐकले होते की नाही, मला सांगता येत नाही. मी त्या वेळी दिसल्यासारखं तोंड करण्यात गुंतलो होतो.

खालच्या फांद्यांवरची सगळी सुकी पानं मी कापली. अकरा निघाली. झुडूप असं देखणं झालं की मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

पावणेसातला काका आले. गोणपाट खांद्यावर, हात खिशात. मी म्हणालो, "काका, स्टेज तयार!"

ते झुडपाकडे बघत राहिले. मग कात्रीकडे बघितलं. मग म्हणाले, "पानं कुठं टाकलीस?"

मी बंधाऱ्याच्या उताराकडे हात केला. तोवर मला कळलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गवतात गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी एकेक पान उचलून बघायला लागले. मीही बसलो. ओल्या गवतात दोन पुरुष रांगत होते. नववं पान ते होतं. शिवण एका बाजूने फाटली होती. आत पांढऱ्या रेशमाची गादी, तिच्यावर वाळूच्या कणांसारखे ठिपके. काही ठिपक्यांना पाय होते, हलत होते, पण अजून फिके, बाहेर यायच्या जोगे नव्हते. ती आत नव्हती.

त्यांनी गोणपाटाचा एक धागा ओढून काढला आणि पान पुन्हा त्याच फांदीला बांधायला गेले. गाठ बसेना. तीनदा प्रयत्न केला. मग धागा माझ्यापुढे धरला. मी बांधलं. आम्ही बाजूला बसलो. तासाभराने ती दिसली. वरच्या फांदीवर होती. खाली वळून तिने आमच्याकडे बघितलं, ती बघते तशी, चारही डोळ्यांनी. मग पानाच्या दिशेने दोन उड्या मारल्या, आणि थांबली, आणि दुसरीकडे निघून गेली. आम्ही दुपारपर्यंत बसलो. ती आली नाही. मंगळवारी ऑफिसच्या आधी मी जाऊन बघितलं तर पानाला मुंग्या लागल्या होत्या.

त्या रविवारी उठताना काका एवढंच बोलले, "तू दिसली बोललास, तवा मी तुझ्या डोल्यांत बगायला पायजे होतं. डोलं खोटं बोलत नायत. चुकलो मी."

आयुष्यात मला खूप लोकांनी खूप बोलून घेतलं आहे, आणि बहुतेक वेळा बरोबरच. पण एवढं लागेल असं कुणी बोललं नाही.

यानंतर मी जे केलं ते कात्रीपेक्षा वाईट होतं. मी त्यांना तोंड दाखवायचं बंद केलं. रविवारी काम निघू लागलं, पाठ दुखू लागली. त्यांचा एकदा फोन आला, मी उचलला नाही. दिवाळी गेली, थंडी गेली. मार्चमध्ये कळलं की मुलगी त्यांना आणि काकूंना उलव्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली, व्यायाम करून घेणारा डॉक्टर तिकडे जवळ होता. अकरावा मजला. बायको मला म्हणाली, "तू जा बाबा एकदाचा. घरात असा तोंड पाडून बसतोस, त्यापेक्षा तिथे जाऊन पाड."

गेलो. दार काकूंनी उघडलं. "आलास? आमाला वाटला तू बी कात टाकून गेलास," त्या म्हणाल्या. म्हणजे काकांनी परकराची गोष्ट निदान त्यांना तरी सांगितली होती. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते. आता खिसाही हात लपवू शकत नव्हता, तो मांडीवर सारखा उडत होता. मी माफी मागायचं वाक्य रस्ताभर घोकत गेलो होतो. ते सुरू करणार तोच ते म्हणाले, "थांब. ते बग." खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत एक कोळी होता. समोर विमानतळाकडे विमान उतरत होतं आणि आम्ही दोघं पट्टीत बघत होतो. "अकराव्या माळ्यावं कसा आला आसंल?" ते म्हणाले. "लिफ्टनं?" मी म्हणालो. ते हसले. ते वाक्य मी परत कधी सुरू केलं नाही.

त्या पावसाळ्यात मी शोधायला लागलो. ऑफिसला जायच्या आधी रोज सकाळी, बंधाऱ्यावर, वाकून, एकेक झुडूप, एकेक पान. जाकीट नव्हतं, कॅमेराही नसे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला एक शिवलेलं पान दिसलं. खरोखर दिसलं. कडेला बारीक पांढरा टाका, आणि उजेड मागून आला की आत तिची सावली. मी काकांना फोन केला.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

"दिसली."

मग म्हणाले, "रोज बग. काळपट झाला की सांग."

तेरा दिवस मी रोज बघून त्यांना सांगत होतो. चौदाव्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली, पहाटे गाडी काढून उलव्याला गेलो आणि दोघांना घेऊन आलो. बंधाऱ्यावरून खाली त्यांना मी आणि काकूंनी धरून नेलं. पानापासून हातभर अंतरावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. काकू मागे थर्मास घेऊन बसल्या. मी त्यांचाच जुना कॅमेरा आणला होता, ती उलटी लेन्स लावून. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्याला लावला. कॅमेरा इतका हलत होता की आइस्क्रीमचं झाकण फडफडत होतं. त्यांनी पुन्हा लावला. मग माझ्याकडे दिला.

"तू काढ. फ्लॅश काढून ठेव, पिल्लांना नको. उजेड हाय."

मी त्यांच्या खुर्चीपुढे ओल्या मातीत बसलो. दहा मिनिटं. वीस. सव्वाआठला टाका हलला. आतून तिने तो उसवायला घेतला, आधी पायाची दोन टोकं दिसली, मग कपाळ, मग ते डोळे. ती दारात अडून बसली. तिच्या मागे काहीतरी उकळल्यासारखं हलत होतं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजवा. तो उडत होता, आणि माझा खांदा उडत होता, आणि कॅमेरा. चौकटीत पिल्लं यायची आणि विरघळायची, पान लख्ख व्हायचं आणि पुसायचं.

हात काढा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यांनी लगेच काढला असता, फोटोच्या बाबतीत त्यांच्याइतकं समजूतदार कुणी नव्हतं. मी श्वास सोडला, बटण दाबलं. पुन्हा सोडला, पुन्हा दाबलं. मला म्हणवलं नाही.

"अंगावरून," काका कानाशी म्हणाले. "बग, बग, डोक्यावरून जातायत तिच्या! आन् ती बसलीय बग. हलत नाय."

शेवटचं पिल्लू गेल्यावर मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. कुणाच्याही फोटोत फोकस केसभर हुकला तरी लांबून ओळखणारा माणूस होता तो. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"कसे आलेत?" मी विचारलं.

"झाक आलेत," ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात सहा दिवस होते, मग नव्हते. सारसोळ्याला, त्यांच्या घरी आणलं. शेवटचं त्यांना बघताना माझं लक्ष त्या हाताकडे गेलं. तो हलत नव्हता. मला ते अजिबात बघवलं नाही, मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. त्या सकाळचा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. मी अडतीस काढले होते. घरी कॉम्प्युटरवर नीट बघितले, तेव्हा सदतीस हललेले होते. एक लख्ख होता. त्यात तिचे चार डोळे, कपाळावर चढलेलं पिल्लू, त्याचे आठही पाय, सगळं स्वच्छ. तेवढ्याच क्षणी काकांनी माझ्या खांद्यावरचा हात उचलला असणार, डोळे पुसायला म्हणा, कशालाही. मी तो लख्ख फोटो मोबाइलवर काकूंना दाखवला. पाठोपाठ चुकून बोट सरकलं आणि हललेला एक पुढे आला.

"हा काय?" काकू म्हणाल्या.

"तो हललाय काकू. फुकट गेला. काकांचा हात होता ना माझ्या खांद्यावर, त्यामुळे."

काकूंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. चष्मा नाकावर सरकवला. त्या धूसर, दोन-दोन कडांच्या, कुठलंच पिल्लू धड न दिसणाऱ्या फोटोवरून त्यांनी अंगठा हळूच फिरवला.

"हे त्यांचंच हलनं हाय?"

"हो."

"मंग मना ह्योच दे."